जावयाला पाडायचं कुणी?

६ मे, बुधवार. भडगाव
सकाळी सकाळी शिरपूरहून वस्तादांचा फोन. नमस्कार-बिमस्कार काही नाही. "वय काय झालं तुझं?" म्हटलं, एकोणतीस. "मग ही शेवटची चाचणी. यंदा धुळे जिल्ह्याच्या संघात आलास तर आलास. नाही तर कॉस्च्युम धुऊन खुंटीला लाव आणि पोरांना बैठका शिकव. दोन वर्षं त्याच मयूरकडून, त्याच पद्धतीनं पडतोस. लाज राहू दे, निदान कंटाळा तरी यावा माणसाला."

झोंबलं. पण खोटं काय आहे? मला एकच डाव येतो, एकेरी पट. झडप घालायची, एक पाय उचलायचा, माणूस खाली. या एका डावावर जत्रांमधून घरभर भांडी आणली. मातीत चाललं. मॅटवर धुळ्याचा तो मयूर पाय मागे फेकतो, माझ्या पाठीवर छाती टाकतो, गरकन मागे जाऊन ताबा घेतो. मी आपला मॅटचा वास घेत पडलेला.

वस्तादांचा उपाय: पाय मागायचा एक, घ्यायचा दुसरा. पट टाकायचा. त्यानं पाय ओढला की सगळा भार दुसऱ्या पायावर येतो. तेवढ्यात उठून छाती भिडवायची आणि त्या दुसऱ्या पायात आतली टांग. दोन डाव, पण एका दमात. वहीत याला प-टां. म्हणणार.

१४ जून. धुळे. ७४ किलो गट.

बायको, सोनल, ज्या मेडिकलमध्ये काम करते तिथल्या काट्यावर उभा राहिलो. ७७ च्या पुढे. म्हटलं काटा बिघडलाय. म्हणाली, "सकाळपासून चाळीस जण उभे राहिले, तुमच्याच वेळी बिघडला."

८ मे, शुक्रवार
शाळेला सुट्टी, त्यामुळे दोन्ही वेळ मॅट. गाव माझं शिरपूरकडचं, म्हणून खेळतो अजून धुळ्याकडून. इथल्या शाळेत खेळाचा मास्तर म्हणून लागलो ते सासऱ्यांच्या ओळखीनं. आणि खोली मिळाली तीही त्यांच्याच गल्लीत. म्हणून मी घरजावई होत नाही. भाडं मी भरतो. हे एकदा लिहून ठेवतो.

भूषणला धरलं सरावाला. भूषण म्हणजे सोनलचा धाकटा भाऊ, माझा शालक. ७९ किलोत जळगाव जिल्ह्याचं पदक आहे, मान अशी की कॉलर लागत नाही. त्याला प-टां. समजावली. पहिल्याच वेळी माझाच पाय माझ्याच पायात. तोंडावर आपटलो. भूषणनं उचललं, गुडघे झटकून दिले. "लागनं का जिजाजी?"

रात्री खोलीत दाराच्या चौकटीवर टांग मारून बघत होतो. सोनल म्हणाली, "चौकट घरमालकाची आहे."

११ मे, सोमवार
जमली!! प-टां. जमली!

पट टाकला, भूषणनं पाय ओढला, मी उठलो, टांग. गडी आडवा. परत केली, परत आडवा. डावीकडून केली, तरी आडवा. ७९ किलोचा गडी भुईमुगाच्या पोत्यासारखा पडत होता. इतर पोरांवर करून पाहिली. सगळे पडले. एक जण तर टांग लागायच्या आधीच गेला. म्हटलं हे काय? भूषण म्हणाला, "जिजाजी, तुमना स्पीडच तसा शे."

वस्तादांना फोन लावला. "इतक्या लवकर?" म्हणाले. म्हटलं, शिष्य कुणाचा? तिकडून नुसतं "हं".

१५ मे, शुक्रवार
सोनल डबा घेऊन मॅटवर आली. दहा मिनिटं उभी राहून बघत होती. ओढणी तोंडाला लावून. विचारलं, कशी वाटली टांग?
"छान. सगळे किती छान पडतात."
बायकोच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे खूप झालं.

१७ मे, रविवार
धोंड्याचा महिना लागला. अधिक मास. तीन वर्षांनी येतो आणि नेमका यंदा आला. लग्नानंतरचा आमचा पहिला. म्हणजे महिनाभर जावयाचा मान. सासूबाईंनी आजच खापर चुलीवर चढवलं. मांडे आणि आमरस. खापरावरचा तो पुरणाचा मांडा, रुमालाएवढा, तुपात भिजलेला. मी म्हटलं, आई, माझं वजन...
"आखो एक ल्या बापू. वजन कसानं, अंगले लागस ते."
तेच तर दुखणं आहे, की अंगाला लागतं.
सासरे नाना शेजारी बसून माझ्या वाटीत रस ओतत होते. मी वाटीवर हात ठेवला तर हातावर ओतला.

२१ मे
७७.८. खातो कमी, पळतो जास्त, आणि वाढतो. डाव मात्र लोण्यासारखा चाललाय. मयूरचा फोटो मोबाइलवर काढून त्याच्या गुडघ्याकडे बघत बसलो होतो. सोनल म्हणाली, "माझ्याकडे कधी असं बघितलं नाही."

२४ मे, रविवार. पाचोरा
लिहायचं नव्हतं. पण वस्तादांनी सांगितलंय, पडलास ते आधी लिही.

पाचोऱ्यात सरावाच्या कुस्त्या होत्या. भूषणच्या मोटरसायकलवर मागे बसून गेलो. समोर कॉलेजचा पोरगा, मिशी फुटायची होती अजून. म्हटलं, याला जपून पाडू. पट टाकला. त्यानं पाय ओढला. मी उठलो, टांग घातली... आणि पोरगा उभाच! हललाच नाही! मी त्याच्या पायात पाय घालून उभा, तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. मग त्यानं मला उचललं. पुढचं नीट आठवत नाही. दहा-शून्य. पंचांनी पहिली फेरीसुद्धा संपू दिली नाही.

येताना गिरणेच्या पुलावर भूषणनं गाडी थांबवली. बराच वेळ नखं खात उभा.
"जिजाजी, चूक मनी शे. त्याले सांगानं राही गयं."
"काय सांगायचं राहिलं?"
"की तुम्ही आमना जवाई शेतस."

मला समजायला जरा वेळ लागला. मग समजलं. मग वाटलं गाडी नदीत ढकलावी. त्याच्यासकट.

म्हणजे पंधरा दिवस सगळे... सगळेच! मॅटवरचं पोरगं न् पोरगं! गावचा जावई म्हणून पडत होते! म्हटलं, अरे, तो एक जण तर टांगेच्या आधी पडला होता! म्हणाला, "त्याले मी नंतर रागावनू जिजाजी. घाई करी टाकी त्यानी."

२५ मे, सोमवार
सासरी जाऊन तांडव केलं. भूषणला सगळ्यांसमोर म्हटलं, उद्यापासून मला पाड. हात जोडतो, पाड मला.
भूषण खाली मान घालून: "तुम्हले कसा पाडू? माय घरमा लेवाव नही." आई घरात घेणार नाही म्हणे.
नाना शांतपणे सुपारी कातरत होते. "पाव्हणा, आमना गावमा जवाईले पाडानी रीत नही."
म्हटलं, नाना, रीत पाळाल तर धुळ्याला माझी हाडं मोजावी लागतील!
"धुळाना लोके काय करतस ते त्यासले माहीत. आठे नही."
आणि सोनल? सोनलला ठाऊक होतं! पंधरा मेलाच कळलं होतं! विचारलं, मग सांगितलं का नाही?
"तुम्ही इतके खुशीत होतात. आणि मला काय माहीत, मला वाटलं तुम्हालाही माहीत आहे."
जेवलो नाही. ताटावरून उठून आलो.

२६ मे
ताटावरून उठलो ही मोठी चूक. सासूबाईंना वाटलं, जावई रुसला. आता रुसलेल्या जावयाची समजूत कशी काढतात? सकाळी नाना, सासूबाई, सोनलच्या मोठ्या आत्या असे तिघं खोलीवर. टॉवेल, टोपी, शर्ट-पॅन्टचं कापड, डबाभर मांडे. मी म्हणतोय, अहो मी रुसलो नाही, मला फक्त कुणीतरी आपटा! आत्या सासूबाईंच्या कानात: "घड्याय मांगी राहिना व्हई."
संध्याकाळी घड्याळ आलं.

२८ मे
नवे उपाय. भूषणला म्हटलं, डोळे मिटून लढ, मी कोण ते विसर. डोळे मिटून पडला.
नगरदेवळ्याहून एका पैलवानाला बोलावलं, अनोळखी. पहिल्या पटात घट्ट उभा राहिला. मी खूश. तेवढ्यात मॅटच्या कडेचा कुणीतरी सांगून आला त्याच्या कानात. पुढच्या क्षणाला आडवा, आणि वर नमस्कार. "माफ करा, माहीत नव्हतं."
७८.१.

३१ मे, रविवार
आज धोंड्याचं जेवण. दोन्ही जावई एकत्र. म्हणजे जळगावहून अक्का, सोनलची मोठी बहीण, आणि तिचा नवरा सुनीलराव, म्हणजे आमचे साडूभाऊ. डाळ मिलमध्ये मॅनेजर. वजन शंभरला टेकलेलं. बारा वर्षांपूर्वी कॉलेजच्या संघात कुस्ती खेळले होते, हे ते दर भेटीत सांगतात. सोनलशी लग्न ठरल्यापासून या माणसाला माझा राग. का? तर आधी या घरात एकटेच जावई होते.

दोघांचे पाट मांडले. साडूभाऊंनी बघितलं, माझा पाट एक बोट उंच होता. बदलून घेतला. औक्षण, टिळा, तांब्याच्या ताम्हणात तेहतीस अनारसे आणि वर दिवा. दोघांना सारखंच ताम्हण. साडूभाऊंनी तरी दोन्ही हातात घेऊन तोलून बघितलं.

पंगतीत नानांनी माझी पाचोऱ्याची हकीकत कळवळून सांगितली. साडूभाऊ इतके हसले की रस नाकात गेला. म्हणाले, "मास्तर, तुझा पट मला लागणार नाही, टांग तर सोडूनच दे." मी म्हटलं, चला मॅटवर. "चल!"

धोंड्याचं जेवण जेवून दोन जावई मॅटवर. त्यांनी सफारीची पॅन्ट दुमडली, बनियनवर आले. पट टाकला, त्यांनी पाय ओढला, उठलो, टांग घातली. जळगावच्या डाळ मिलनं मला वरून दाबलं. खाली घेतलं. आणि माझ्यावर बसले. खरोखर बसले, मांडी घालून. "पडलास की नाही? नाना, बघा, पडला की नाही?"

माझा श्वास बंद, तोंडात मॅट, आणि काय सांगू, इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. सापडला! या अख्ख्या गावात मला पाडणारा एक माणूस सापडला! साडूला कसला जावयाचा मान? तो स्वतःच जावई, आणि वर थोरला.

१ जून, सोमवार
साडूभाऊ आज जाणार होते. सोनल मध्ये पडली. अक्काशी बोलली, अक्का साडूभाऊंशी. मिलमधून पंधरवड्याची रजा काढायला तयार झाले. एका अटीवर: पंगतीत पहिलं वाढप त्यांना, आणि मी चारचौघांत त्यांना "दादा" म्हणायचं.
म्हटलं. 

३ जून
पाडलं. पाडलं. पाडलं. साडूभाऊ मला आवडीनं पाडतात. प्रत्येक वेळी उठताना एक टोमणा. आज: "ज्याच्या भरवशावर तुला ताम्हण मिळालं तो हाच का पाय?"

एक मात्र शिकलो. मी टांग घालतो पण छाती लांब ठेवतो. भूषण पडायचाच, म्हणून छाती लावायची कधी गरजच पडली नाही. साडूभाऊंचं पोट मध्ये आहे, त्यामुळे छाती लावणं सोपं नाही. पण मयूरला पोट नाही.

सासूबाई मॅटच्या कडेला बसून रडतात. "दोन्ही जवाई भांडी राहिनात." नाना त्यांना समजावतात की हा व्यायाम आहे. त्यांनाही ते पटलेलं दिसत नाही.

५ जून
वजन ७५.९. साडूभाऊंच्या अटीचा फायदा: पहिलं वाढप त्यांना, आणि ते संपवतात. माझ्यापर्यंत मांडे पोचत नाहीत.

७ जून, रविवार
आज पडले.

पट टाकला, त्यांनी पाय ओढला, या वेळी मी पायाकडे बघितलंच नाही. सरळ वर उठून कान त्यांच्या छातीला लावला, ढकललं, आणि त्याच पावलात टांग. शंभर किलोचा माणूस मागे गेला. मॅट हादरली, भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. साडूभाऊ पडूनच होते, छताकडे बघत. मला वाटलं लागलं.

मग म्हणाले, "परत."
परत पाडलं. परत म्हणाले, "परत." तिसऱ्यांदा मीच पडलो. चौथ्यांदा ते.
उठून बसले, घाम पुसला. डोळे लाल. म्हणाले, "मी पडलो नाही हां. तू पाडलंस. हे नानांना सांग." आणि मान वळवली.
मी रडलो. हो, रडलो. कुणी खरोखर पडलं माझ्या हातून, किती दिवसांनी. त्यांच्या पाया पडलो तर म्हणाले, "पुरे, उद्या जास्त जोरात ये."

१० जून
डावीकडून पण बसते आता. दहातून सहा-सात वेळा. साडूभाऊ जेवताना माझ्या ताटात स्वतःचा अर्धा मांडा टाकू लागलेत. म्हटलं, दादा, वजन. "बरं बरं," म्हणून परत घेतला.

१२ जून, शुक्रवार
घात झाला.

दुपारी आईचा फोन. आवाजात साखर. "आपल्या कोमलचं जमनं रे!" कोमल म्हणजे काकांची मुलगी, चुलत बहीण, पण एका ताटात जेवून वाढलेलो. म्हटलं, वा, कुठलं स्थळ?
"धुयानं. पोऱ्या भलता चांगला शे. पैलवान शे."
म्हटलं, नाव?
"मयूर."
भिंतीला टेकून खाली बसलो. म्हटलं, आई, परवा माझी कुस्ती...
"माहीत शे. त्यानाच करता फोन कया. तुना काका सांगत व्हतात. देख भाऊ, जवाई शे तो आपला. चार लोकेसमोर त्याले पाडशी ते कसं दिसी?"
मग काका फोनवर. मग काकू. काकू रडल्या. "पोरनं सोनं व्हई राह्यनं, तू मातेरं नको करू."

भूषणला सांगितलं. तो माझ्याकडे इतक्या प्रेमानं बघत होता की एक लगावावीशी वाटली.

१३ जून, शनिवार. धुळे
वजन दिलं, ७३.८. कालपासून पाणी नाही, तोंडाचं वाळवंट. मयूर रांगेत माझ्या पुढे होता. मला बघून लाजला. मयूर लाजला! "नमस्कार दादा," म्हणाला. दोन वर्षं या माणसाच्या गुडघ्याची स्वप्नं बघतोय मी, आणि हा मला दादा म्हणतोय. म्हटलं, नमस्कार. अजून काय म्हणणार?
रात्री लॉजवर सोनलला विचारलं, काय करू? म्हणाली, "तुम्ही भूषणला काय म्हणाला होतात, ते आठवा आणि झोपा."
आठवलं. झोप मात्र नाही आली.

१४ जून, रविवार
पहिली कुस्ती साक्रीकडच्या पोराशी. प-टां. एकदा बसली, एकदा नाही. जिंकलो.

मग शेवटची. मयूर. हॉलमध्ये बघतो तर आमचं अख्खं गाव आलेलं. जीप करून. आई, काका, काकू, मामा. मला बघायला आले म्हणून ऊर भरून आला. आणि जाऊन बसले कुठे? मयूरच्या बाजूला! नव्या जावयाला पाठिंबा द्यायला! माझी सख्खी आई मयूरच्या आईशेजारी, तिच्याच डब्यातला लाडू खात. माझ्या बाजूला सोनल, भूषण आणि साडूभाऊ. बस.

शिट्टी. पट टाकला. पाय हातात आला, घट्ट. आणि कानात काकूंचं रडणं. हात सैल पडला. खरं सांगतो, मी सोडला तो पाय. भूषणनं पंधरा दिवस जे केलं तेच मी केलं, आणि तेही न ठरवता. मयूर मागे गेला, ताबा, दोन. थोड्या वेळानं परत तेच. चार-शून्य. काका टाळ्या वाजवत होते.

मधल्या विश्रांतीत साडूभाऊ पाण्याची बाटली घेऊन आले. "काय चाललंय?"
म्हटलं, दादा, जावई आहे हो तो आमचा.
साडूभाऊ कडाडले, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असे: "कसला जावई? सुपारी फुटली का? धोंड्याचा महिना चालू आहे! अधिक महिन्यात सुपारी फुटतच नाही! उद्यापर्यंत हा तुमचा कुणी लागत नाही!"
मग मयूरच्या बाजूनं एक म्हातारा माणूस, त्यांच्याकडचाच कुणी आजा, मान डोलवत म्हणाला, "बरोबर शे. सुपारी फुटेल नही."
काकांनी टाळ्या थांबवल्या. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. रीतच म्हणते ना, मग झालं तर!

दुसरी फेरी. पट. त्यानं पाय फेकला, नेहमीसारखा. मी पायाकडे बघितलं नाही. वर उठलो, छाती भिडली, टांग. मयूर खाली! दोन. आई ओरडली, "अरे जवाई!" आणि मग तिचं तिलाच कळलं नसावं कुणासाठी, "मार रे भाऊ!"
वेळ संपत आलेली. साडूभाऊ बेंचवर चढलेले, बेंच रडतोय. परत पट. तो सावध होता. तरी पाय ओढलाच. उठलो, छाती, डावी टांग. तो एक पाऊल नाचला, आणि गेला. चार-चार. शेवटचे गुण ज्याचे त्याची कुस्ती.

माझा हात वर झाला. जिंकलो! संघात आलो! एकोणतिसाव्या वर्षी! वस्तादांचा फोन. म्हणाले, "बघितलं मोबाइलवर. दुसरी टांग बरी होती." एवढंच. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पदकच.
मयूर पाया पडला. म्हणाला, "भारी डाव आहे दादा."
साडूभाऊंनी मला उचलून घेतलं आणि ठेवताना पाडलं.

१७ जून, बुधवार. गावी
अधिक महिना संपला. आज कोमलची सुपारी फुटली. मयूरला टिळा मी लावला, भाऊ म्हणून. टॉवेल-टोपी मीच दिली. काका माझ्याशी बोलत नव्हते, मांडवात बसून हळूहळू बोलायला लागले.

जेवणं झाल्यावर कोमल ओट्यावर भेटली. नवी साडी, नुसती उड्या मारत होती. म्हणाली, "दादा, किती भारी झालं ना! मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, माझ्या दादाचं शेवटचं वर्ष आहे, तेव्हा तू..."
आतून काकूंची हाक. "आले!" गेली पळत.

तेव्हा तू काय?

नंतर तिला गाठायचा प्रयत्न केला. बायकांचा घोळका. मग पाहुणे. मग आम्ही निघालो.
एसटीत सोनलला सांगितलं. म्हणाली, "तेव्हा तू जपून लढ, असं असेल." मग थोड्या वेळानं: "किंवा तेव्हा तू मन लावून लढ."

१८ जून
दिवसभर मोबाइलवरचा व्हिडिओ बघितला. दुसरी टांग. तो एक पाऊल नाचतो, मग पडतो. नाचतो का? माणूस पडताना नाचतो का? भूषणला दाखवला. या विषयातला सगळ्यात मोठा जाणकार तोच. त्यानं पुढे-मागे करून कितीदा तरी बघितला. शेवटी म्हणाला, "जिजाजी, मी इतका चांगला पडू शकत नही."
याचा अर्थ काय घ्यायचा?
साडूभाऊंना जळगावला फोन केला. म्हणाले, "मी पडलो तेव्हा खरा पडलो होतो, तेवढं मला माहीत आहे. त्याचं तो जाणे."

कोमलचा मोबाइल बंद. चार्जिंग नाही म्हणे.

२० जून, शनिवार. धुळे, सराव शिबिर
संघाचं शिबिर सुरू. मयूर राखीव म्हणून आलाय, ७४ मध्ये, माझ्याच जोडीला. माझ्याच खोलीत. माझ्यासाठी बादलीत गरम पाणी आणून ठेवतो.

सकाळच्या सरावात पोरं जास्त होती, आमची जोडी लागली नाही. नाश्त्याला मी सरळ विचारलं, त्या दिवशी तू खरा पडलास का?
पोहे खात होता. "काहीतरीच काय दादा."
म्हटलं, कोमलनं तुला काय सांगितलं होतं?
कान लाल झाले. "ते आमचं असतं हो काहीतरी."
म्हटलं, ठीक आहे. संध्याकाळी सरावाआधी ये. हॉलमध्ये कुणी नसतं. शिट्टी नाही, गुण नाहीत, नातेवाईक नाहीत. आता तू पक्का जावई आहेस, मी तुला पाडलं तर काकू जेवायच्या नाहीत. तेव्हा तूच मला पाड. मी पट टाकणार, टांग घालणार, तू जीव तोडून उभं राहायचं.
चमचा थांबला. मग एकदम हळू म्हणाला,
"खरंच लढू, दादा?"

हो म्हटलंय. तो केव्हाचा खाली गेलाय. खिडकीतून दिसतोय, हॉलच्या दारात उभा आहे, मान मोडतोय, खांदे फिरवतोय. असा तो चाचणीच्या दिवशी फिरवत होता का, आठवायचा प्रयत्न करतोय. आता त्यानं वर बघितलं आणि हात केला.
मीही हात केला. खाली जायला हवं. हे एवढं लिहून होऊ दे.